चेंडू हाती नसताना

खेळांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा ज्याच्या हाती चेंडू असतो त्याच्याविषयी. लिहिणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाक्याला कर्ता लागतो, आणि मैदानावर कर्ता कोण हे चेंडूच ठरवतो. साहित्यव्यवहारात तरी निराळे काय आहे? कवीचे चरित्र लिहिले जाते, टीकाकाराचे क्वचित, आणि जो नुसताच वाचतो त्याचे कधीच नाही. आमचे उभे आयुष्य इतरांनी लिहिलेले वर्गात वाचून दाखवण्यात गेले. त्यामुळेही असेल, पण चेंडू हाती नसलेल्या खेळाडूकडे आमचे लक्ष आधी जाते.

ॲलन पेज हे नाव आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. १९६७ ते १९८१ असे पंधरा हंगाम ते व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळले. बहुतेक काळ मिनेसोटा वायकिंग्ज या संघाकडून आणि शेवटी शिकागो बेअर्सकडून. जागा बचावफळीच्या मधली, तिला डिफेन्सिव्ह टॅकल म्हणतात. पुढे जानेवारी १९९३ पासून ऑगस्ट २०१५ पर्यंत ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. (आडनावावर कोटी करण्याचा मोह आम्ही आवरतो.) आमची कन्या मिनियापोलिसला नोकरीस असल्याने त्या गावी आमचे जाणे-राहणे झाले आणि हे नाव प्रथम कानी पडले ते जावईबापूंच्या तोंडून. 'एका जन्मात दोन आयुष्ये जगला हा माणूस,' असे ते म्हणाले. 'आधी शरीराच्या जोरावर आणि मग बुद्धीच्या.' हेच वाक्य पुढे आम्ही इतर अनेकांकडूनही ऐकले. ते कौतुकाने म्हटले जाते, यात शंका नाही. तरी ते आम्हांला प्रत्येक वेळी खटकले. का खटकले, एवढे सांगण्यापुरताच हा लेखनप्रपंच.

खेळाची तोंडओळख करून देणे भाग आहे. दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा जण असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तेवढे सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी दोन्ही फळ्या एका कल्पित रेषेच्या अल्याड-पल्याड ओणव्या होऊन उभ्या ठाकतात. चढाई करणाऱ्यांनी आपला डाव आधीच ठरवलेला असतो. चेंडू नेमक्या कोणत्या पुकाऱ्याला हलणार, हेही त्यांना ठाऊक असते. बचाव करणाऱ्याला यांतले काहीच ठाऊक नसते, आणि चेंडू हलण्याआधी तो रेषेपलीकडे गेला तर दंड होतो तो त्यालाच. कबड्डीत पकड करणारासुद्धा चढाईपटूच्या पावलांकडे पाहत असाच दबा धरून थांबतो. पण त्याला समोरचा एकच माणूस ओळखायचा असतो, इथे अकरा.

मग बचावपटूच्या हाती उरते ते वाचन. समोरच्याने जमिनीला टेकवलेल्या बोटांवर भार किती आहे? तो पुढे झुकला आहे की मागे रेलला आहे? पुढे झुकला असेल तर चेंडू घेऊन धावण्याचा बेत असण्याचा संभव. मागे रेलला असेल तर मागे राहून फेकण्याचा. बरे, समोरचाही काही दुधखुळा नसतो. आपण वाचले जात आहोत हे त्याला माहीत असते आणि तो मुद्दाम खोटे लिहितो. चेंडू हलल्यापासून दोन-अडीच सेकंदांत हे सगळे वाचून, त्यातले खरे-खोटे निवडून, अंगावर आलेल्या धिप्पाड माणसाला चुकवून चेंडूपर्यंत पोचायचे. शब्दांशी व्यवहार करणाऱ्या आम्हां मंडळींना वाचनासाठी इतका कमी वेळ आणि चुकीच्या अर्थासाठी इतकी रोकडी शिक्षा कधी मिळत नाही, हे आमचे भाग्य.

त्या काळी या जागेवर जडदेही माणूस ठेवण्याचा प्रघात होता. भगदाड बुजवायला धोंडा लोटावा तसा. पेज त्या मानाने सडपातळ. नोटर डेम विद्यापीठात ते फळीच्या कडेला खेळत, वायकिंग्जनी त्यांना मध्ये आणले. जाणकार सांगतात की त्यांचे सामर्थ्य पहिल्या पावलात होते. चेंडू हलला आणि ते हलले यांत फट दिसत नसे. पण पहिले पाऊल लवकर पडते ते पाय चपळ असल्यामुळेच असे मानणे म्हणजे चांगला टीकाकार चष्म्याच्या नंबरामुळे चांगला होतो असे मानण्यासारखे आहे.

वायकिंग्जचे त्या वेळचे मैदान मिनियापोलिसजवळच्या ब्लूमिंग्टनमध्ये होते, उघडे. आज त्या जागी 'मॉल ऑफ अमेरिका' नावाचा महाबाजार आहे. डिसेंबरातली तिथली थंडी आम्ही अंगावर घेतली आहे. बोटे आपली आहेत की नाहीत हे पाहून ठरवावे लागते. अशा हवेत प्रशिक्षक बड ग्रँट मैदानाकाठी शेगडीही ठेवू देत नसत. या मैदानावर कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज अशी चौघांची फळी उभी राही. संघाचा पोशाख जांभळा. म्हणून १९५८ सालच्या एका थट्टेखोर गाण्यातल्या जांभळ्या नरभक्षकाचे नाव त्यांना पडले आणि चिकटले. चढाईचा सूत्रधार जो क्वार्टरबॅक, त्याच्यापाशी भेटू, असा या चौघांचा परवलीचा संकेत होता. १९६९ च्या हंगामात चौदा सामन्यांत मिळून प्रतिस्पर्ध्यांना त्यांच्या संघाविरुद्ध १३३ गुण करता आले; म्हणजे सामन्यामागे दहासुद्धा नाहीत.

१९७१ मध्ये असोसिएटेड प्रेसने लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून पेज यांची निवड केली. बचाव करणाऱ्याला हा मान मिळण्याची ती पहिली वेळ. दुसरी वेळ यायला पंधरा वर्षे लागली. १९८६ मध्ये तो लॉरेन्स टेलर यांना मिळाला. चेंडू हाती नसलेल्याचे मोल मोजणे इतके अवघड का जावे, याचे एक उत्तर लीगच्या दप्तरात सापडते. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला पाडणे, ज्याला सॅक म्हणतात, ही बचावपटूची सर्वांत मोठी करामत. लीगने तिची खेळाडूगणिक अधिकृत मोजदाद सुरू केली ती १९८२ साली. पेज थांबले १९८१ च्या हंगामानंतर. म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्यांची ख्याती, ती त्यांच्या नावावर अधिकृतपणे एकदाही जमा नाही. पुढे हौशी संशोधकांनी जुन्या चित्रफिती आणि सामन्यांची टिपणे चाळून आकडे जुळवले आहेत, पण या गणनेत आणि त्या गणनेत तफावत राहतेच. हस्तलिखितांचे पाठभेद तपासणाऱ्या आमच्या मित्रांना या मंडळींविषयी बंधुभाव वाटावा.

बचावपटूच्या हाती चेंडू आलाच तर काय होते, याची एक गोष्ट याच फळीतल्या जिम मार्शल यांची आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू त्यांनी उचलला आणि ते जिवाच्या आकांताने ६६ यार्ड धावले, उलट्या दिशेने, आपल्याच गोलक्षेत्रात! समोरच्या संघाला दोन गुण मिळाले. वायकिंग्ज तरीही जिंकले हा भाग कोणी फारसा सांगत नाही. मार्शल यांची वीस हंगामांची कारकीर्द आणि त्यातला एकही सामना न चुकवण्याचा विक्रम एका बाजूला, आणि चेंडू हाती असतानाचे ते काही क्षण दुसऱ्या बाजूला. लोकांच्या आठवणीत तागडी कुणीकडे झुकली हे सांगायला नको.

अंतिम विजेतेपदाचा सामना, ज्याला सुपर बोल म्हणतात, तो या संघाने पेज यांच्या काळात चार वेळा गाठला: जानेवारी १९७० मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध, १९७४ मध्ये मायामीविरुद्ध, १९७५ मध्ये पिट्सबर्गविरुद्ध आणि १९७७ मध्ये ओकलंडविरुद्ध. चारही वेळा हार. मिनेसोटातील जुने लोक या चार तारखांविषयी बोलतात तेव्हा घरातल्या जुन्या आजाराविषयी बोलल्यासारखे बोलतात. पेज यांनी मात्र या पराभवांचा बाऊ केल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. १९८८ मध्ये पेज यांचा प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या संस्थेत समावेश झाला. ही संस्था ओहायो राज्यातील कँटन या पोलादाच्या गावी आहे, कारण १९२० साली लीगची स्थापना तिथे झाली. कँटन हेच पेज यांचे जन्मगाव. १९६०च्या दशकाच्या आरंभी ही इमारत बांधली जात होती तेव्हा शाळकरी वयाचे पेज बांधकामावर मजुरी करत होते. ज्या वास्तूचे सामान वाहिले तिच्यात पंचवीस वर्षांनी आपला अर्धपुतळा बसवला जावा, हा योग कादंबरीकाराने आणला असता तर आम्ही समासात 'ओढूनताणून' असा शेरा मारला असता.

या समारंभात नव्या मानकऱ्याची ओळख कुणी करून द्यायची हे तो मानकरीच ठरवतो. बहुतेक जण आपल्या प्रशिक्षकाला किंवा जुन्या सहकाऱ्याला बोलावतात. पेज यांनी विलरीन बीझली यांना बोलावले. त्या मिनियापोलिसमधील एका सरकारी माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने असलेल्या वस्तीतली शाळा. आणि मग आपल्या भाषणात, जिथे लोक सामन्यांच्या आठवणी सांगतात तिथे, पेज यांनी वाचनाविषयी सांगितले.

प्रसंग सरावशिबिरातला. फळीला नवे प्रशिक्षक आले होते. प्रत्येक संघाची एक डावपोथी असते. कोणत्या परिस्थितीत कोणी काय करायचे हे तिच्यात आकृत्यांसह लिहिलेले असते आणि खेळाडूने ती मुखोद्गत करायची असते. प्रशिक्षकांनी फळीतल्या खेळाडूंना बैठकीत ती आळीपाळीने मोठ्याने वाचायला सांगितली. काहींनी सहज वाचली. काही अडखळत, शब्दाशब्दाला ठेचाळत पुढे गेले. आणि काहींना वाचताच आले नाही. त्या खोलीत पसरलेली शांतता पेज यांच्या मनात घर करून राहिली.

ही माणसे निरक्षर खेड्यातून आलेली नव्हती. अमेरिकेत व्यावसायिक संघात यायचे तर वाट महाविद्यालयातून जाते. म्हणजे प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा आणि विद्यापीठ अशा तीन पायऱ्यांवरच्या कितीतरी शिक्षकांनी या मुलांच्या उत्तरपत्रिका पाहिल्या होत्या, आणि प्रत्येकाने त्यांना पुढे ढकलले होते. का, तर शनिवारी सामना असतो. मुलगा धावतो आहे, पाडतो आहे, विद्यापीठाचे नाव होते आहे. त्याला वाचता येते की नाही याची चौकशी करणे कोणाच्याच सोयीचे नव्हते. त्याच्या शरीराचा जिथवर उपयोग तिथवर त्याला आत घ्यायचे आणि ते थकले की दाराबाहेर करायचे, अशी ही रीत.

शिक्षकी पेशातल्या वाचकांना इथे आपल्याकडचे काही आठवले तर ते गैर नाही. आपल्या शालान्त परीक्षांत खेळाडूंना क्रीडागुण मिळतात. ती सवलत योग्यच आहे असे आमचे मत. सवलतीच्या आडून जी दुसरी गोष्ट घडते तिच्याविषयी आम्ही बोलत आहोत. 'तो खेळाडू आहे हो, त्याला कशाला विचारता,' हे वाक्य अध्यापक-कक्षात ज्या मायेने उच्चारले जाते, त्या मायेची आम्हांला धास्ती वाटते. त्यात मुलाचे कौतुक असते आणि त्याच्यावरचा अविश्वासही असतो. दोन्ही एकाच दमात.

म्हणूनच 'आधी शरीर, मग बुद्धी' हे वाक्य खटकते. अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूकडे नुसता देह म्हणून पाहण्याची खोड जुनी आहे, आणि हे कौतुकाचे वाक्य तीच खोड बिनबोभाट पुढे चालवते. पंधरा वर्षे ज्याने दर आठवड्याला साठ-सत्तर वेळा समोरचा डाव वाचला, त्याला वाचायला शिकण्यासाठी न्यायासनाची वाट पाहावी लागली नव्हती.

कारकिर्दीचा क्रमही या वाक्याला साथ देत नाही. खेळायला लागल्यावर लवकरच पेज यांनी कायद्याच्या अभ्यासक्रमात नाव घातले होते आणि काही आठवड्यांत सोडले होते. १९७५ मध्ये ते मिनेसोटा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात पुन्हा दाखल झाले आणि १९७८ मध्ये पदवीधर झाले. या संपूर्ण काळात ते वायकिंग्जकडून खेळत होते. खेळाडूंच्या संघटनेतही ते वर्षानुवर्षे संघप्रतिनिधी होते. १९७४ मध्ये खेळाडूंनी संप केला. करार संपल्यावर हव्या त्या संघात जाता यावे ही त्यातली मुख्य मागणी, आणि स्वातंत्र्य नाही तर फुटबॉल नाही ही घोषणा. संप फसला. पण कराराचा कागद स्वतः वाचणारा, त्यावर प्रश्न विचारणारा खेळाडू मालकांना आणि प्रशिक्षकांना किती रुचत असेल, याची कल्पना करता येते.

मग धावण्याचे प्रकरण निघाले. पत्नी डायन यांनी सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली, पेज सोबत जाऊ लागले आणि बघता बघता लांब पल्ल्याचे धावपटू झाले. १९७९ मध्ये त्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. लीगमध्ये खेळत असताना हे करणारे ते पहिले. वजन मात्र घटले. टॅकलने जड असावे या समजुतीला ते मानवणारे नव्हते. ऑक्टोबर १९७८ मध्ये, म्हणजे विधी पदवी मिळाली त्याच वर्षी, हंगामाच्या मध्यावर वायकिंग्जनी त्यांना काढून टाकले. हलका देह आता कामाचा नाही, असे कारण. शिकागोने त्यांना उचलले ते शंभर डॉलरच्या ठरीव शुल्कावर. आपल्या संघाला चार वेळा अंतिम सामन्यात नेणाऱ्या, एके काळच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचे हे मोल. त्यानंतर ते आणखी तीन हंगाम खेळले. सगळे मिळून २१८ सामने, एकही न चुकवता. सोळा सामन्यांच्या त्या १९७८ च्या हंगामातही वायकिंग्जकडून सहा आणि शिकागोकडून दहा असा हिशेब पूर्ण भरतो. शेवटच्या वर्षांत हंगाम संपला की ते मिनियापोलिसमधल्या वकिली कार्यालयात कामाला जात.

न्यायालयापर्यंतची वाटही सरळ नव्हती. मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना निवडणूक लढवावी लागते. प्रत्यक्षात बहुतेक जागा मुदतीच्या आत रिकाम्या होतात आणि गव्हर्नर त्या नेमणुकीने भरतात. पेज यांनी ज्या जागेवर डोळा ठेवला होता तिच्यावरील न्यायमूर्तींची मुदत १९९२ मध्ये गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी निवृत्तिवेतनाच्या कारणास्तव वाढवली. निवडणूकच टळली. पेज यांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आपल्याच सहकाऱ्याच्या खुर्चीचा निवाडा कसा करता येणार? ते बाजूला झाले, बदली न्यायमूर्तींचे पीठ बसले आणि निकाल पेज यांच्या बाजूने लागला. निवडणूक झाली, ते जिंकले. त्या न्यायालयातील ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन न्यायमूर्ती. नंतर तीनदा निवडून आले आणि सत्तर वर्षे पूर्ण होताच नियमाप्रमाणे निवृत्त झाले.

न्यायमूर्ती आणि बचावपटू यांची तुलना करण्याचा मोह इथे होतो. न्यायमूर्तीही खटला सुरू करत नाही. कोणी तरी आणून पुढ्यात ठेवतो, मग त्याला वाचायचे असते. तुलना इथवर चालते. पुढे ती ताणू नये. न्यायमूर्तीला प्रतिपक्ष नसतो, निदान नसावा. २००९ मध्ये सिनेटच्या एका जागेचा वाद, अवघ्या काहीशे मतांच्या फरकाचा, या न्यायालयापुढे आला. मुख्य न्यायमूर्ती फेरमोजणीच्या मंडळावर असल्यामुळे बाजूला झाले होते आणि सुनावणीचे अध्यक्षस्थान पेज यांच्याकडे आले. नॉर्म कोलमन यांच्या विरोधात आणि ॲल फ्रँकन यांच्या बाजूने निकाल एकमताने लागला. देशभरातले कॅमेरे न्यायालयाबाहेर असताना हे प्रकरण थंड डोक्याने मार्गी लागले, एवढीच नोंद इथे पुरेशी आहे.

इतके लिहून थांबलो असतो तर शिक्षणाने माणूस कसा तरतो याचा एक गुळगुळीत पाठ तयार झाला असता. पाठ्यपुस्तक मंडळांना असे धडे आवडतात. पण दुसरे एक नाव आड येते. डेव्ह डुअरसन हेही बचावपटू, हेही नोटर डेमचे. १९८३ साली अर्थशास्त्राची पदवी घेऊन शिकागो बेअर्समध्ये आले, १९८५ च्या विजेत्या संघात होते. खेळ संपल्यावर उद्योगात शिरले, नोटर डेमच्या विश्वस्त मंडळावर बसले. माजी खेळाडूंच्या अपंगत्वाच्या दाव्यांवर निर्णय देणाऱ्या मंडळाचेही ते सभासद होते; म्हणजे डोक्याला बसलेल्या मारामुळे काय काय होते याचे कागद त्यांच्या नजरेखालून गेलेले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा असे त्यांनी लिहून ठेवले होते. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांना त्यात सीटीई हा वारंवारच्या आघातांनी होणारा विकार आढळला.

डुअरसन यांना वाचता येत होते. उत्तम येत होते. आपल्याच मेंदूत काय लिहिले जात आहे ते त्यांनी इतरांच्या अर्जांत आधी वाचले असेल, ही कल्पना आम्हांला सोसत नाही. पेज आणि डुअरसन यांच्यात एकाने अधिक अभ्यास केला आणि दुसऱ्याने कमी, असा काही फरक दाखवता येत नाही. एकाच खेळाने दोघांना घडवले. एकाला सोडले, एकाला सोडले नाही. पेज यांच्या २१८ सामन्यांचे कौतुक करताना आमचा हात म्हणूनच थोडा आखडतो.

खेळाने पेज यांच्यावर आपली सही मात्र केली आहे. डाव्या हाताची करंगळी पुन्हा पुन्हा निखळून अशी बसली की ती तळहाताशी काटकोन करून बाहेर डोकावते. २०१३ मध्ये त्यांनी आपली शिक्षिका कन्या केमी यांच्याबरोबर या करंगळीवर लहान मुलांसाठी पुस्तक लिहिले. त्यांनी आणि डायन यांनी १९८८ मध्येच एक शिक्षणनिधी स्थापन केला होता. निधीची शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याला एक अट असते: त्याने स्वतःहून धाकट्या मुलांच्या अभ्यासाला वेळ द्यायचा.

२०१८ च्या हिवाळ्यात आम्ही मिनियापोलिसला होतो. त्या वर्षीचा सुपर बोल तिथे व्हायचा होता आणि गाव जत्रेसारखे फुलले होते. त्याच सुमारास मध्यवर्ती ग्रंथालयात पेज दांपत्याच्या संग्रहाचे प्रदर्शन भरले होते. गुलामगिरीच्या आणि वर्णभेदाच्या काळातील वस्तू; गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी निरनिराळ्या जागा दाखवणाऱ्या पाट्या; लिंकनच्या अंत्ययात्रेच्या वेळचा एक फलक. बाहेर संघांचे रंग अंगावर मिरवणारी माणसे आणि आत या पाट्यांसमोर मुकाट उभी राहिलेली माणसे. यांतली काही तर तीच होती. पाट्यांवरची अक्षरे सुबक होती, कोणा रंगाऱ्याने मन लावून काढलेली. डायन त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. नोव्हेंबरात पेज यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले.

त्याआधी, २०१७ मध्ये, मिनियापोलिसमधल्या एका शाळेला पेज यांचे नाव दिले गेले. पूर्वी ती अलेक्झांडर रॅम्झी यांच्या नावे होती. १८६२ मध्ये गव्हर्नर असताना रॅम्झी यांनी डकोटा लोकांना संपवावे अथवा राज्याबाहेर हाकलावे अशी जाहीर भूमिका घेतली होती. नाव बदलण्याची मोहीम विद्यार्थ्यांनी चालवली. आपल्या शाळेच्या दारावरचे नाव त्यांनी वाचले होते, म्हणायचे.

जानेवारी २०२० मध्ये पेज यांनी मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील कश्करी यांच्यासह राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली. भाषेच्या अभ्यासकांनी ती जरूर पाहावी. १८५७ च्या मूळ कलमात कर्ता विधिमंडळ आहे: सर्वत्र सारखी अशी सार्वजनिक शाळांची व्यवस्था उभारणे हे त्याचे कर्तव्य. नव्या मसुद्यात कर्त्याच्या जागी मूल येते: दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क. राज्यातील शिक्षकांच्या संघटनेने या बदलाला विरोध केला. शाळांची व्यवस्था उभारण्याचे बंधन शब्दांतून निसटले तर सार्वजनिक पैसा खासगी शाळांकडे वळण्यास वाट मिळेल, अशी तिची भीती. २०२२ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत ही दुरुस्ती मतदारांपुढे आली नाही. आमच्या काही विद्यार्थ्यांपुढे आम्ही दोन्ही कलमांचा आशय मराठीत मांडला आणि यांतले कोणते वाक्य मुलाच्या अधिक कामाचे, असे विचारले. वर्गाचे दोन तट पडले. कर्तव्याच्या वाक्यात कोणाला जाब विचारायचा हे निदान कळते, असे एक मुलगी म्हणाली. तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाचे म्हणणे, की ज्याला स्वतः वाक्यात जागा नाही त्याने जाब तरी कसा विचारावा. तास संपल्याची घंटा झाली तरी दोघे भांडत होती.